डिजिटल अ‍ॅनालिटिक्समध्ये कोणतं एक अंग धरावं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीत अडीच वर्षं झाली. जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४, म्हणजे वेबसाइटवर कोण आलं आणि काय केलं ते मोजणारं गूगलचं साधन) लावता येतं, टॅग मॅनेजरची (मोजणीचे कोड-तुकडे, म्हणजे टॅग, वेबसाइटवर बसवायचं साधन) सवय आहे, लुकर स्टुडिओत डॅशबोर्ड होतो, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) कामापुरतं जमतं. बऱ्याच क्लायंटचे महिन्याचे रिपोर्ट अंगावर आहेत. मुलाखतीला गेलं की समोरचा विचारतो, "तुमचं स्पेशलायझेशन काय?" आणि तिथेच अडतं. इम्प्लिमेंटेशन, मार्केटिंगची मोजणी, प्रॉडक्ट अ‍ॅनालिटिक्स, प्रयोग, डेटा इंजिनिअरिंग यातलं काय निवडावं?

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुमच्या जागी मी असते तर पुढचं वर्ष-दीड वर्ष इम्प्लिमेंटेशनमध्ये, म्हणजे डेटा मुळात गोळा कसा होतो या कामात, मुरले असते आणि तिथून जाहिरातींचा खरा परिणाम मोजण्याकडे वळले असते. डॅशबोर्ड बनवणं ही स्पेशालिटी म्हणून धरली नसती, आणि कुठल्याही एका टूलचं नाव हीच स्वतःची ओळख होऊ दिली नसती.

टूलचं आधी संपवू. गूगलनं २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स बाजारात आलं. अ‍ॅडोबीनं २००९ मध्ये ऑम्निचर ही वेब-मोजणीची कंपनी घेतली. तिचं साइटकॅटॅलिस्ट पुढे अ‍ॅडोबी अ‍ॅनालिटिक्स झालं, आणि आता त्याच ग्राहकांना कस्टमर जर्नी अ‍ॅनालिटिक्सकडे वळवलं जातंय. जीए४ च्या आधीच्या, मोफत युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सनं १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं बंद केलं. वेबपानांवर प्रयोग करायचं गूगल ऑप्टिमाइझ त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बंद झालं. कुठला आकडा कोणत्या मेनूत सापडतो इतकंच ज्यांना माहीत होतं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. सेशन, म्हणजे साइटवरची एक भेट, कसा मोजला जातो, कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) कोण ठेवतं आणि ती कधी मरते, एकाच माणसाचे दोन युजर का दिसतात हे ज्यांना कळत होतं, त्यांना जीए४ नवं वाटलं, पण परकं वाटलं नाही. गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षण-संकेतस्थळाचं गूगल अ‍ॅनालिटिक्स प्रमाणपत्र जरूर घ्या, फुकट आहे. बायोडेटा चाळणीतून वर यायला त्याची मदत होते. वर्षभरात त्याची मुदत संपते, तेव्हा त्याला त्याहून जास्त वजन देऊ नका.

डॅशबोर्डबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण तुमचा बराचसा वेळ त्यातच जात असणार. जोडण्या करायच्या, तक्ते मांडायचे, मागच्या महिन्याशी तुलना करून चार ओळी लिहायच्या, हे काम वर्षागणिक स्वस्त होतंय. साध्या भाषेत प्रश्न टाकला की क्वेरी लिहून देणारी एआय साधनं आता प्रत्येक टीमच्या हाताशी आहेत. पण तो आकडा बरोबर आहे का, आणि नसेल तर तो नेमका कुठे गळतोय, हे त्या साधनाला आपणहून कळत नाही. ते कळायला चेकआउटचं पान, पेमेंट गेटवे, सर्व्हर आणि गोदाम या सगळ्यांत डोकवावं लागतं. माझा सगळा भर इम्प्लिमेंटेशनवर आहे तो म्हणून.

एक उदाहरण जवळून बघू. समजा, एक ऑनलाइन साडीचं दुकान आहे. दुकानाच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये दिवसाला ४०० ऑर्डर दिसतात आणि जीए४ मध्ये ३२०. मालक म्हणतात, गूगल चुकतंय. एजन्सीतला मुलगा म्हणतो, दहा-वीस टक्के फरक असतोच. दोघंही तिथेच थांबतात. इम्प्लिमेंटेशनचा माणूस दोन्हीकडच्या ऑर्डरच्या याद्या ट्रान्झॅक्शन आयडीवर, म्हणजे प्रत्येक ऑर्डरच्या क्रमांकावर, जोडतो, जीए४ मध्ये न सापडलेल्या ८० ऑर्डर बाजूला काढतो आणि त्यांना पेमेंटच्या प्रकारानुसार लावतो. कार्डाच्या ऑर्डर जवळपास जुळतात. कॅश ऑन डिलिव्हरीच्याही जुळतात. गळती जवळजवळ सगळी यूपीआयमध्ये, आणि तीही मोबाइलवरच्या.

कारण असं की ग्राहक ब्राउझरमधून उठून फोनपे किंवा गूगल पेच्या अ‍ॅपमध्ये जातो. पिन टाकतो, हिरवी टिक दिसते, फोन खिशात. तो ब्राउझरकडे परत येतच नाही. पैसे मिळाल्याचा निरोप गेटवे थेट दुकानाच्या सर्व्हरला वेबहुकनं, म्हणजे सर्व्हरहून सर्व्हरला जाणाऱ्या आपोआप संदेशानं, देतो, ऑर्डर पक्की होते, साडी रवानाही होते. पण 'धन्यवाद' हे पान कधी उघडलंच नाही, आणि पर्चेस इव्हेंट, म्हणजे 'खरेदी झाली' अशी जीए४ ला जाणारी नोंद, त्याच पानावर लावलेला होता. उपाय असा की पेमेंटला जाण्याआधी, ऑर्डर तयार होतानाच, त्या ब्राउझरचा क्लायंट आयडी आणि त्या भेटीचा सेशन आयडी (जीए४ नं दिलेले ओळखक्रमांक) ऑर्डरसोबत जपून ठेवायचे. मग सर्व्हरला वेबहुक आला की मेजरमेंट प्रोटोकॉलनं (सर्व्हरवरून जीए४ ला नोंद पाठवायच्या सोयीनं) पर्चेस तिथूनच पाठवायचा. ट्रान्झॅक्शन आयडी तोच ठेवायचा, म्हणजे एखादा ग्राहक परत आलाच आणि पान उघडलं, तरी त्याची ऑर्डर दोनदा मोजली जाण्याचा धोका टळतो. सेशन आयडी विसरलात तर विक्री दिसेल, पण ती कोणत्या जाहिरातीमुळे झाली हे हातातून निसटेल.

हे एक उदाहरण झालं. गेटवेच्या पानावरून परत आलेला ग्राहक 'रेफरल', म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेला, म्हणून नोंदला जातो आणि जाहिरातीचं श्रेय गेटवेच्या नावावर जातं. नको असलेल्या रेफरलच्या यादीत ते डोमेन टाकलेलं नाही, अशी खाती आजही सर्रास सापडतात. इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरची कुकी वेगळी, क्रोमची वेगळी, त्यामुळे दुपारी जाहिरात पाहणारी आणि रात्री खरेदी करणारी एकच बाई दोन युजर म्हणून मोजली जाते. बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या डेटा-भांडारात, इव्हेंटची वेळ यूटीसीमध्ये (भारताच्या साडेपाच तास मागे) येते. ती तशीच धरून दिवस पाडले की मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या भारतीय ऑर्डर आदल्या दिवसात जाऊन बसतात. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण त्या माहीत असलेला माणूस टीममध्ये नसेल तर लाखो रुपयांचं जाहिरातीचं बजेट चुकीच्या आकड्यांवर हलतं, आणि मला या कामाची ओढ वाटते ती त्यामुळेच.

या कामाला स्वभाव लागतो, तो आधी स्वतःत तपासा. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट वाचायचा कंटाळा येत असेल, तर इथे रमणार नाही. जावास्क्रिप्ट लिहिता आली नाही तरी वाचता आली पाहिजे. डेटा लेयरचा कागद, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता इव्हेंट, त्यात कोणती पॅरामीटर्स, त्यांचा प्रकार अंक की अक्षरं, इतका काटेकोर लिहिता आला पाहिजे की डेव्हलपरनं परत फोन करू नये. आणि डेव्हलपरशी जमलं पाहिजे. प्रत्येक रिलीजमध्ये काहीतरी तुटतं. तुमचं टिकिट (दुरुस्तीची मागणी) स्प्रिंटमध्ये (डेव्हलपरांच्या पुढच्या कामाच्या टप्प्यात) वर घेतलं जाईल की तळाशी पडून राहील, हे बऱ्याचदा तुमच्या त्यांच्याशी असलेल्या संबंधांवर ठरतं.

संमती आणि खासगीपणाचा विषयही याच अंगात येतो, आणि तो वाढणार आहे. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा-संरक्षण कायदा आहे. मार्च २०२४ पासून युरोपीय ग्राहकांसाठी गूगलच्या जाहिराती वापरणाऱ्यांना कन्सेंट मोडची, म्हणजे संमतीनुसार टॅगचं वागणं बदलणाऱ्या सोयीची, दुसरी आवृत्ती लावावी लागली. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा वाचून टॅग कधी चालवायचा आणि कधी रोखायचा हे ठरवू शकणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत. पुण्यात बसून युरोपच्या ग्राहकाचं काम करणाऱ्या टीममध्ये तर हे रोजचं काम आहे.

आता जाहिरातींच्या परिणामाच्या मोजणीकडे. माझ्या मते आपल्या बाजारात सगळ्यात मोठी पोकळी इथे आहे, आणि इम्प्लिमेंटेशन पक्कं असलेला माणूस इथे इतरांच्या पुढे असतो.

कॅश ऑन डिलिव्हरीचं गणित घ्या. समजा, पहिल्या कॅम्पेनमध्ये एक ऑर्डर जाहिरात-खर्चाच्या हिशोबानं १८० रुपयांना पडते, दुसऱ्यात २४० ला. डॅशबोर्ड पाहणारा पहिल्याचं बजेट वाढवतो. पण पहिल्या कॅम्पेनच्या ४० टक्के ऑर्डर दारातून परत येतात आणि दुसऱ्याच्या १२ टक्के. म्हणजे ग्राहकाच्या हातात खरोखर पडलेली ऑर्डर पहिल्यात ३०० रुपयांना पडली आणि दुसऱ्यात सुमारे २७३ ला. परतीच्या कुरिअरचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. वर आणखी असं की जाहिरातीच्या यंत्रणेला आपण 'ऑर्डर झाली' एवढंच कळवत राहिलो, तर ती परत पाठवणारेच ग्राहक जास्त शोधून आणते, कारण तेच स्वस्तात मिळतात. डिलिव्हरी झाल्याचा निरोप कुरिअरकडून घेऊन जाहिरात खात्यापर्यंत पोचवणं हे इम्प्लिमेंटेशनचं काम, आणि बजेट कुठे हलवायचं हे सांगणं मोजणीचं. दोन्ही येणारा माणूस कुठलाही विक्रीप्रमुख सोडत नाही.

पुढचा टप्पा श्रेयाचा. जाहिरात दाखवली आणि विक्री झाली, पण जाहिरात नसती तर ती झाली नसती का? २०१२ च्या सुमाराला ईबेतल्या टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्ह टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी, 'ईबे' असं शोधल्यावर दिसणाऱ्या कंपनीच्याच जाहिराती काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिल्या. बंद झालेल्या क्लिकपैकी जवळपास सगळे, ९९.५ टक्के, खालच्या फुकट निकालांतून परत आले. सगळ्यांनी आपल्या नावावरच्या जाहिराती उद्या बंद कराव्यात असा याचा अर्थ नाही. ईबे तेव्हाच घराघरात पोचलेलं नाव होतं, आणि तुमच्या नावावर स्पर्धक बोली लावत असेल तर चित्र बदलतं. पण अ‍ॅट्रिब्युशनच्या (विक्रीचं श्रेय जाहिरातींना वाटून देणाऱ्या) रिपोर्टमध्ये सगळ्यात चमकणारी ओळ हीच सगळ्यात पोकळ असू शकते, हे त्यातून दिसतं. म्हणून या अंगात भौगोलिक प्रयोग, म्हणजे काही शहरांत जाहिरात बंद ठेवून बाकीच्यांशी तुलना करणं, आणि मार्केटिंग मिक्स मॉडेलिंग, म्हणजे खर्च आणि विक्रीच्या जुन्या आकड्यांवरून प्रत्येक माध्यमाचा वाटा काढणं, हे दोन्ही शिकावं लागतं. मॉडेलिंगसाठी मेटाचं रॉबिन आणि गूगलचं मेरिडियन ही दोन्ही साधनं मोफत आणि खुली आहेत.

इथे भारतातली एक अडचण सांगून ठेवते. नाशिक आणि कोल्हापुरात जाहिरात थांबवून असा प्रयोग करायचा झाला तर अ‍ॅनालिटिक्समधल्या शहराच्या नावावर विसंबू नका. मोबाइल नेटवर्कचा आयपी पत्ता पुष्कळदा गावाऐवजी मोठ्या शहराकडे बोट दाखवतो, आणि निफाडचा ग्राहक मुंबईचा म्हणून नोंदला जातो. डिलिव्हरीचा पिनकोड घ्या. तो ग्राहकानं स्वतः लिहिलेला असतो आणि चुकीचा लिहिला तर पार्सल पोचत नाही.

या कामाचा एक पेच असा की एजन्सीचं उत्पन्न बहुतेकदा जाहिरात-खर्चाच्या टक्क्यांवर असतं. 'हा खर्च वाया जातोय' असं सांगणारा विश्लेषक एजन्सीत एकटा पडू शकतो. म्हणून हे अंग धरायचं ठरवलंत तर कधीतरी ब्रँडच्या बाजूला, म्हणजे इन-हाउस, जावं लागेल. इम्प्लिमेंटेशन मात्र एजन्सीत उत्तम शिकता येतं, कारण तिथे दर महिन्याला नवी वेबसाइट आणि नवी मोडतोड समोर येते. आत्ता तुम्ही जिथे आहात ती जागा पहिल्या टप्प्यासाठी वाईट नाही.

प्रयोगांचं, म्हणजे ए/बी टेस्टिंगचं (पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करण्याचं) क्षेत्र मला मनापासून आवडतं, तरी तुम्हाला पहिली निवड म्हणून सुचवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनमध्ये २०१२ साली जाहिरातीच्या मथळ्याच्या मांडणीतला एक छोटा बदल महिनोन्‌महिने यादीत पडून होता. एका इंजिनिअरनं तो तपासून पाहिला आणि उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर. अशा गोष्टी ऐकून बरेच जण या क्षेत्राकडे ओढले जातात. पण हिशोब करून पाहा. साइटवर दोन टक्के लोक खरेदी करतात आणि त्यात दहा टक्क्यांची वाढ, म्हणजे २ चे २.२, पकडायची आहे. नेहमीच्या ढोबळ सूत्रानं प्रत्येक बाजूला सुमारे ७८ हजार लोक लागतात, दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर. रोज तीन हजार लोक येणाऱ्या साइटला एका प्रयोगाला पन्नासहून जास्त दिवस लागतील. तोवर दिवाळी सेल येऊन जातो आणि सगळं ढवळून निघतं. म्हणजे हे अंग फक्त प्रचंड वर्दळ असलेल्या कंपन्यांत फुलतं: खाद्यपदार्थ मागवणारी अ‍ॅप, मोठी बाजारपेठ-संकेतस्थळं, प्रवास, पेमेंट. तशा ठिकाणी शिरकाव होत असेल, आणि संख्याशास्त्र मनापासून वाचत असाल, तर माझं ऐकू नका, खुशाल जा. लहान क्लायंटवर ए/बी टेस्ट चालवून चौथ्या दिवशी विजेता जाहीर करण्यात मात्र अनुभव जमत नाही, वाईट सवय लागते.

डेटा इंजिनिअरिंग हा वेगळा रस्ता आहे. जीए४ चा कच्चा डेटा बिगक्वेरीत येतो, साध्या खात्याला रोज दहा लाख इव्हेंटपर्यंत, आणि तो आतल्या आत घड्या घातलेला असतो; पॅरामीटर उलगडून, सेशन जोडून, ऑर्डरच्या टेबलांशी मिळवून त्याचं स्वच्छ टेबल करायला हात बसावा लागतो. एवढं प्रत्येकाला आलंच पाहिजे, कोणतंही अंग धरा. पण पूर्णवेळ तेच करायचं तर स्पर्धा सॉफ्टवेअर इंजिनिअरांशी आहे आणि मुलाखती त्यांच्यासारख्याच होतात. तुम्हाला धंद्याच्या प्रश्नात रस असेल, आणि तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून मला तसं वाटतंय, तर तिथे कोरडं वाटेल.

प्रॉडक्ट अ‍ॅनालिटिक्ससाठी अ‍ॅप बनवणाऱ्या टीमच्या आत बसावं लागतं, कारण लोक ते कसं वापरतात हे तिथे मोजायचं असतं. एजन्सीतून थेट उडी कठीण जाते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मग सुरुवात कशी करायची? एक क्लायंट निवडा, ज्याचा मालक तुमच्याशी बोलतो असा. त्याचा एकच आकडा घ्या, खरेदी किंवा लीड, आणि तो जाहिरातीच्या क्लिकपासून बँकेत पैसे येईपर्यंत पाठलाग करून तपासा. बॅकएंडची यादी आणि अ‍ॅनालिटिक्सची यादी आयडीवर जोडा, फरकाची वर्गवारी करा, एक कारण दुरुस्त करून घ्या, पुन्हा मोजा. आधी आणि नंतरच्या फरकाचं दोन पानी टिपण लिहा, क्लायंटचं नाव वगळून. क्लायंटचा डेटा हाताळायला मिळत नसेल तर बिगक्वेरीत गूगलच्या मर्चंडाइज दुकानाचा नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२१ चा नमुना-डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, आणि महिन्याला एक टेराबाइटपर्यंत क्वेरी फुकट चालतात. एसक्यूएलचा सराव त्यावर होईल. गळती शोधायचा सराव मात्र खऱ्या दुकानावरच होतो.

हे करताना स्वतःकडे लक्ष ठेवा. गळती सापडल्यावर तुम्हाला 'आता दुरुस्त कशी करू' असं वाटतं, की 'म्हणजे मागच्या तिमाहीत बजेट चुकलं का' असं? पहिलं वाटलं तर इम्प्लिमेंटेशनमध्येच राहा, आर्किटेक्ट व्हा, सर्व्हर-साइड टॅगिंग (टॅग ब्राउझरऐवजी आपल्या सर्व्हरवरून चालवणं) शिका. दुसरं वाटलं तर मोजणीकडे चला. कुठलंच वाटलं नाही, नुसतं काम संपल्याचं बरं वाटलं, तर निवड पुढे ढकला आणि दुसऱ्या प्रकारचा प्रश्न हातात घेऊन पाहा.

मुलाखतीत "तुमचं स्पेशलायझेशन काय" याला मग टूलचं नाव सांगायची गरज राहत नाही. "यूपीआय आणि कॅश ऑन डिलिव्हरीच्या व्यवहारांत अ‍ॅनालिटिक्स आणि प्रत्यक्ष विक्री जुळवून देणं हे माझं काम आहे, अशा एका दुकानात गळती कुठे होती आणि ती कशी बुजवली ते दाखवते किंवा दाखवतो," एवढं सांगा आणि टिपण पुढे ठेवा. पुढचे प्रश्न आपोआप तुमच्या मैदानात येतात.

आत्ताच्या साहेबांकडे रिपोर्टचे दोन क्लायंट कमी करून ऑडिटचं काम मागा. एजन्सी ऑडिट क्लायंटला विकू शकते, तेव्हा नकार येईलच असं नाही. नकार आला आणि नोकरी बदलायची वेळ आली, तर तिथल्या मुलाखतीत तुम्हीही विचारा: डेटा लेयरचा कागद कोण लिहितं, ट्रॅकिंग तुटलं तर रिलीज थांबवायचा अधिकार कुणाला आहे, आणि आकडे पाहून शेवटचा कोणता निर्णय बदलला. या तीन प्रश्नांना जिथे माणसांची आणि कामांची नावं घेऊन उत्तरं मिळतील, ती ऑफर पगारात थोडी कमी असली तरी मी तिचा आधी विचार करेन.